तिसरं कडवं

रियेकाच्या धक्क्यालगत जुनं गोदाम आहे,
एके काळी तिथे कागदाची रिळं उतरायची.
तिथे आज 'तिसरी पाळी' वाजवणार.
चौतीस वर्षांनी.
यास्मिंकाने मला न विचारताच तिकिटं काढली
आणि फोनवर एवढंच म्हणाली,
गुडघ्याचा पट्टा घालून ये, खुर्च्या नाहीत.

दारातल्या पोराने मनगटावर शिक्का मारला,
'या काकू' म्हणाला.
यास्मिंकाने त्याच्याकडे असं पाहिलं
की मागच्या बाईला तो नुसतंच 'या' म्हणाला.

आत सगळे आमच्याच इयत्तेचे.
टक्कल पडलेले, पोट सुटलेले,
कानात आधीच बोळे कोंबून आलेले.
तो बघ द्राझेन,
ज्याने तुझ्यासाठी शाळेची भिंत रात्रीत काळी केली होती,
तो चष्मा कपाळावर चढवून
बिअरची किंमत वाचतोय.

मग दिवे गेले.
बेर्तो आला, पायऱ्या मोजत.
गोदीतला वेल्डर; तेव्हा स्टेजवर शर्ट फाडायचा,
आज वरचं एक बटण काढायला दोन्ही हात लागले.
बासवाला स्लावेन फेब्रुवारीत गेला.
त्याच्या जागी त्याची मुलगी,
बापाच्या गिटारचा पट्टा चार भोकं आवळून.

पहिल्याच ठोक्याला छातीत काहीतरी हललं.
मला वाटलं आठवण,
डॉक्टर म्हणतील ड्रम.

उंच सूर आला की बेर्तो माइक आमच्याकडे वळवायचा
आणि आम्ही, दम्याचे, रक्तदाबाचे,
तो सूर उचलून धरायचो,
घर बदलताना चौघांनी मिळून
कपाट उचलावं तसा. थोडा तिरका, पण पडू न देता.

मग ते गाणं आलं.

ते माझ्याकडे कॅसेटवर होतं.
विकतच्या नव्हे. शनिवारी रात्री आठ वाजता
भावाचा टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाला लावून
श्वास रोखून भरलेल्या.
तिसऱ्या कडव्यात,
'तुझ्या खिडकीखाली मी उभा, हातात'
आणि इथे स्वयंपाकघरातून आई:
नेवेंका, मासा गार होतोय!
पुढे गिटार, जणू काही झालंच नाही.

महिनाभर आईशी बोलले नाही.
म्हणजे दोन दिवस.
मग सवय झाली. मग वर्गाच्या सहलीत
बसमधली सगळी पोरं ते गाणं म्हणत असताना
यास्मिंका आणि मी त्या जागी ओरडायचो,
मासा गार होतोय!
कुणाला काही कळायचं नाही.

नंतर जे झालं ते झालं.
देशाचे सहा तुकडे, बँडचे चार.
बेर्तो त्रिएस्तला, ड्रमवाला नोवी सादला,
एकमेकांना पत्र टाकायचं तर तिसऱ्याच देशातून.
कॅसेट कुठे गेली ठाऊक नाही.
आई कुठे आहे ते ठाऊक आहे,
कोझालाच्या चढावर, सुरूच्या झाडांखाली,
रविवारी जाते मी.

त्याच्या हातात काय होतं, मी कधी शोधलं नाही.
शोधता आलं असतं,
हल्ली सगळंच खिशातल्या फोनवर असतं.
नाही शोधलं.

आज तिसरं कडवं जवळ आलं
तशी मी यास्मिंकाचा दंड धरला.
बेर्तोने डोळे मिटले.
'तुझ्या खिडकीखाली मी उभा, हातात
ओली छत्री.'

ओली छत्री?

अख्खं गोदाम छत्री म्हणालं
आणि मागे खांबापाशी दोन बायका
अर्धा ठोका उशिरा
मासा, मासा, म्हणत राहिल्या.
शेजारच्या गृहस्थाने वळून पाहिलं,
आणि उगाच, सभ्यपणे,
तोही एकदा मासा म्हणाला.

बाहेर बुरा वारा सुटला होता,
शेवटची बस गेली होती.
यास्मिंका म्हणाली, छत्री वाईट नाही तशी.
मी म्हटलं, हं.

घरी पोचले तेव्हा कानात शिटी वाजत होती.
फ्रिजमध्ये कालच्या तारल्या होत्या, तीन.
दिवा न लावता, कोट न काढता,
ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ल्या,
गार.